गिब्सन डॉक्टरांचा 'बॉम्बे फ्लोरा', घरबसल्या आणि फुकट

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी म्हणजे निसर्गविषयक जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन भांडार. ना नोंदणी, ना पैसे. सह्याद्रीतल्या झाडाझुडपांची ओढ असेल तर तिथे आधी एकच पुस्तक उघडा: डॅल्झेल आणि गिब्सन यांचं 'द बॉम्बे फ्लोरा', १८६१ साली मुंबईत छापलेलं. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनांचं पुस्तक.

यातले अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर. स्कॉटलंडचे. १८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीत आले, पुढे दख्खन-खानदेशात देवीच्या लसीकरणाचं काम त्यांच्याकडे आलं. मी जुन्नर तालुक्यात दवाखाना चालवते. वाड्यावस्त्यांवर जाता-येता बांधाला, ओढ्याकाठी काय फुललंय तिकडे नजर जातेच, त्यामुळे गावोगाव फिरणाऱ्या या डॉक्टरला रानाचा नाद कसा लागला असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको. १८३८ पासून दापोडीची सरकारी बाग त्यांनी सांभाळली. आमच्या नारायणगावजवळच्या हिवऱ्यातही त्यांनी औषधी वनस्पती लावल्या. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातली जंगलतोड आणि गाळाने बुजणाऱ्या खाड्या यांचा संबंध त्यांनी त्या काळात सरकारपुढे मांडला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आता वापराचं. पान उघडलं की त्या पानावरची शास्त्रीय नावं बाजूला दिसतात. नावावरून शोधताही येतं, फक्त जुनं नाव माहीत हवं. पळस आज ब्युटिया मोनोस्पर्मा आहे. इथे तो ब्युटिया फ्रोंडोसा म्हणून शोधायचा.

वर्णनं अगदी त्रोटक. चित्रं नाहीत, आणि नवख्याला ही उणीव जाणवणार. गिब्सन यांनी दापोडीला इथल्याच चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर चित्रं काढून घेतली होती. ती एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत, या पुस्तकात नाहीत. पण ताजी फांदी समोर ठेवून वाचा. पानं समोरासमोर की एकाआड एक, देठावर लव आहे का, फूल कोणत्या महिन्यात: नेमकं जे बघायला हवं तेच लिहिलंय. नाडी बघणाऱ्या हाताने केलेल्या नोंदी आहेत या. पावसाळ्यात फांद्यांचे नमुने प्रेसमध्ये, म्हणजे कागद घातलेल्या फळ्यांमध्ये, दाबून वाळवताना रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि लव दिसेनाशी होते. म्हणून मी फांदी आणली की आधी पुस्तकातलं तिचं पान उघडते, मग प्रेस आवळते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळमाकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, यात शोधू नका. डॅल्झेल यांनीच तिचं वर्णन केलं, पण या पुस्तकानंतर. तिच्यासाठी थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा बघावा. तोही याच लायब्ररीत आहे.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ जड आहे. हवी तेवढीच पानं निवडून उतरवता येतात. एकेका कुळाची पानं वेगळी करून मोबाइलमध्ये ठेवा. भीमाशंकरच्या रानात रेंज मिळत नाही.