गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका मराठी कुटुंबाने 25 लाखांचं गृहकर्ज घेतलं. व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता साडेबावीस हजारांच्या आत बसेल, असं एजंटाने सांगितलं होतं. पहिला हप्ता कापला गेला 23,573 रुपयांचा. शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "अंकलजी, इन्शुरन्स तो कंपलसरी है, सबको लेना पड़ता है."

साफ खोटं. कर्ज हवं असेल तर आमच्याच कंपनीचा जीवन विमा घ्या, अशी सक्ती कोणतीही बँक करू शकत नाही. घराचा आगीचा विमा करारात मागता येतो, पण तोही कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे कर्जदार ठरवतो.

कर्ज खात्याचा उतारा काढल्यावर खरा प्रकार कळला. कर्ज 26 लाख 20 हजारांचं चढवलं होतं. वरचे 1 लाख 20 हजार एकरकमी प्रीमियम म्हणून परस्पर विमा कंपनीकडे गेले होते. हप्त्यात वाढ फक्त 1,080 रुपयांची, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. पण असे 240 हप्ते भरले की त्या प्रीमियमपायी जवळपास 2 लाख 59 हजार रुपये जातात. आणि विम्याचं संरक्षण होतं फक्त 5 वर्षांचं! पुढची 15 वर्षं संपलेल्या विम्याचे पैसे व्याजासकट फेडायचे.

सही होतेच कशी? फाइलमध्ये तीस-चाळीस सह्या एका बैठकीत घेतल्या जातात. त्यातच 'मी स्वेच्छेने विमा घेत आहे' असा अर्ज सरकवलेला असतो. मोबाइलवर आलेला ओटीपी 'लोन व्हेरिफिकेशनचा आहे' म्हणून मागतात, प्रत्यक्षात तो विम्याच्या संमतीचा असतो. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडे सांगू नका. नंतर विमा कंपनीचा फोन येतो आणि 'सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल' असं आधीच पढवलेलं असतं. ते 'हो' रेकॉर्ड होतं आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.

यापेक्षा घातक म्हणजे आरोग्याचं घोषणापत्र. एजंट ते स्वतःच भरतो. मधुमेह, रक्तदाब असलेल्या माणसाच्या नावापुढेही 'कोणताही आजार नाही' अशी खूण करून टाकतो. उद्या बरंवाईट झालं तर आजार लपवला म्हणून दावा नाकारला जातो, आणि कर्ज मात्र घरच्यांच्या डोक्यावर राहतं. विमा हवाच असेल तर हे पान स्वतःच्या हाताने भरा आणि त्याची प्रत घ्या.

पैसे सुटण्याआधी हे पकडायची जागा एकच: केएफएस, म्हणजे कर्जाचं मुख्य तथ्यपत्रक. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला (गृहकर्ज त्यातच येतं) ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. 'आजच सही करा' या घाईला बळी पडू नका. केएफएसमध्ये मंजूर रक्कम आणि बँकेमार्फत तिसऱ्याला जाणारे पैसे हे दोन रकाने आधी बघा, विमा तिथेच दिसतो. व्याजदर 9 आणि एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून कर्जाचा वार्षिक दर, त्याहून बराच वर असेल, तर मधल्या फरकाचा हिशोब मागा. केएफएसमध्ये न दाखवलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

विमा माथी मारला गेलाच असेल तर फ्री लुकची, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागण्याची, मुदत 30 दिवसांची आहे. ती पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून मोजतात. ग्रुप पॉलिसी, म्हणजे अनेक कर्जदारांचा मिळून एकच विमा असेल तर फक्त विमा प्रमाणपत्र मिळतं, त्यावरचं फ्री लुकचं कलम आधी वाचा. पुष्कळदा अर्जात ई-मेलच चुकीचा टाकलेला असतो, म्हणून प्रमाणपत्र कधी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवलं याचा पुरावा विमा कंपनीकडे लेखी मागा. रद्द करण्याचा अर्ज विमा कंपनीला आणि बँकेला, दोघांनाही द्या. शाखेतून पोच घ्या. नुसत्या तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. परतावा बहुधा कर्ज खात्यात जमा होतो. तसा झाला की हप्ता किंवा मुदत कमी करून नवं वेळापत्रक मागून घ्या.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टाळाटाळ केली, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. तीही रिझर्व्ह बँकेकडे करण्याचा घोळ बरेच जण करतात आणि त्यात महिने जातात. विमा कंपनीविरुद्ध विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा 155255, आणि त्यानंतर मध्य प्रदेशासाठी भोपाळचं विमा लोकपाल कार्यालय. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, पण तिथे प्रकरण चालू असताना त्याच तक्रारीवर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल सुनावणी घेत नाही. त्यामुळे आधी लोकपाल, मग आयोग, असा क्रम ठेवा आणि आयोगाची दोन वर्षांची मुदत उलटू देऊ नका.