आरशामागची एलईडी पट्टी: भाड्याच्या बाथरूमसाठी

सिलिकॉन वेष्टनातली, १२ व्होल्टची आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारी) पट्टी. नाशिकच्या सिडकोतल्या भाड्याच्या घराला बरी. ड्रिल नको, घरमालकाची कटकट नको. दीड बाय दोन फुटी आरशामागे दोन मीटर पुरते, फक्त आरसा भिंतीपासून अर्धा इंच सुटा हवा. रंग ३००० केल्विनच (उबदार पिवळसर) घ्या, ६५०० च्या निळसर पांढऱ्यात चेहरा आजारी दिसतो.

पट्टी कापली की त्या टोकाचं वॉटरप्रूफिंग संपलं, हे दुकानदार सांगत नाही. खुणेवरच कापा, टोपी बसवून न्यूट्रल सिलिकॉन भरा. आंबट वासाचं सिलिकॉन आरशाचा मुलामा खातं. पट्टीमागचा गम मात्र अगदीच कच्चा. नाशिकच्या पावसाळ्यात सुटतोच, म्हणून चिकटवायची जागा आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा. दोन अँपिअरचा अडॅप्टर बाथरूमबाहेरच.