कोमो सरोवराकाठी सात दिवस: धरमपेठेतील एका प्रवास-नियोजन सेवेचा अनुभव

मागच्या मे महिन्यात, नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकत असताना, आम्ही चौघे उत्तर इटलीतील कोमो सरोवराच्या काठी सात दिवस राहून आलो. मी, यजमान, भौतिकशास्त्राचे पदवी शिक्षण घेणारी मुलगी आणि 72 वर्षांच्या सासूबाई अशी आमची मंडळी होती. या सहलीची आखणी धरमपेठेतील एका लहान कार्यालयाने केली. हे कार्यालय तयार पॅकेज विकत नाही. ठरावीक शुल्क घेऊन मुक्कामाची जागा सुचवते, दिवसवार आराखडा देते आणि व्हिसाची कागदपत्रे लावून देते, तिकिटे व घराचे भाडे मात्र ज्याचे त्याने भरायचे असते. आमच्याकडून त्यांनी 12,000 रुपये घेतले. त्यांच्याकडून झालेल्या चुका त्यांनी मोकळेपणाने मान्य केल्या, त्यामुळे नाव येथे देत नाही. अशा सेवेकडून काय मिळते आणि काय निसटते, ते मात्र सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी बर्डीवरील दोन-तीन ठिकाणी आम्ही चौकशी केली होती. सगळीकडे दहा दिवसांत पाच देश हाच हिशेब होता आणि त्यात कोमो असलेच, तर बसमधून उतरून दोन तास फोटो काढण्यापुरते होते. आम्हाला एकाच पाण्याच्या काठी आठवडाभर राहायचे आहे, हे ऐकून एकाने तर "सात दिवस तिथे करणार काय?" असे विचारले. धरमपेठेतील कार्यालयाने हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी नकाशा उघडला आणि उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या त्या सरोवराचे तीन फाटे जिथे मिळतात, तिथे बोट ठेवून सांगितले की मुक्काम कोमो शहरात न करता मधल्या भागात करा, आणि तोही पूर्व काठावरील वारेन्ना या गावात. माझ्या मते त्यांच्या शुल्काचे मोल या एका सल्ल्यातच वसूल झाले. कोमो शहर नैऋत्येकडील फाट्याच्या अगदी टोकाला आहे. तेथून बेल्लाजोला साध्या बोटीने जाऊन परत यायचे म्हटले की दिवसाचा मोठा भाग पाण्यावरच जातो. वारेन्नाहून बेल्लाजो पंधरा मिनिटांवर आहे, समोरच्या काठावरचे मेनाज्जोही जवळ आहे आणि शिवाय गावाला रेल्वे स्थानक आहे.

हे रेल्वे स्थानक आमच्यासाठी फार महत्त्वाचे ठरले. यजमानांचा गाडी भाड्याने घेण्याचा विचार होता. कार्यालयाने तो ठामपणे मोडून काढला: पश्चिम काठचा रस्ता जागोजागी अरुंद आहे, गावांत गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढावा लागतो. त्याऐवजी मालपेन्सा विमानतळावरून रेल्वेने मिलानच्या मुख्य स्थानकावर आणि तेथून तिरानोकडे जाणाऱ्या गाडीने वारेन्नाला जावे, असे त्यांनी लिहून दिले होते. हा दुसरा प्रवास साधारण एका तासाचा आहे. "डाव्या बाजूला बसा" एवढी ओळ आराखड्यात ठळक अक्षरांत होती. लेक्को मागे पडले आणि गाडी बोगद्यांतून आत-बाहेर करू लागली, तेव्हा तिचा अर्थ कळला. प्रत्येक बोगदा संपला की डावीकडे पाणी आणि त्यामागे उभे डोंगर. छापील तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो, हेही त्यांनी आधीच बजावले होते. आमच्या डब्यातील एका प्रवाशाची याच कारणावरून तपासनिसाशी बराच वेळ बोलाचाली चालली होती.

व्हिसाचे काम त्यांनी नेटके केले. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही फेब्रुवारीत केला. माणशी 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे आणि दिवसवार कार्यक्रम हे सगळे एका फाइलीत क्रमाने लावून मिळाले. बोटांचे ठसे देण्यासाठी दुरांतोने मुंबईला जाऊन यावे लागले, तेवढाच काय तो शीण. शिदोरीबद्दलचा त्यांचा सल्ला तर फार उपयोगी पडला. युरोपीय संघात बाहेरच्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे आणि संत्रा बर्फी घरीच ठेवा, असे त्यांनी सांगितले. सासूबाईंनी बांधलेली तुपाची बरणी मी स्वतः पिशवीतून काढून ठेवली. भाजणी, मेतकूट, भगर आणि कोरड्या चटण्या मात्र नेल्या आणि त्यांवर आमच्या चार रात्री निघाल्या.

आता चुकांकडे येते. पहिली चूक घराची होती. छायाचित्रांत गच्ची होती, सरोवर होते, कुंडीत लिंबाचे झाड होते; पायऱ्या नव्हत्या. वारेन्ना हे डोंगराच्या अंगावर वसलेले गाव आहे आणि त्याच्या गल्ल्या म्हणजे दगडी जिनेच आहेत. गल्लीच्या तोंडापासून घराच्या दारापर्यंत मी 68 पायऱ्या मोजल्या. प्रत्येक पायरीची उंची वेगळी, मधोमध झिजून खोलगट झालेली, आणि कठडा एकाच बाजूला. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखरा आहे, हे पहिल्या भेटीतच कार्यालयाला सांगितले होते. पहिल्या दिवशी त्यांना वर पोहोचायला वीस मिनिटे लागली. मधल्या वळणावर एका घराच्या उंबऱ्याशी त्या टेकल्या आणि तेथील बाईंनी न मागता पाण्याचा पेला आणून दिला. त्यानंतर आमच्या प्रत्येक दिवसाची आखणी सासूबाई एकदाच उतरतील आणि एकदाच चढतील, या हिशेबाने करावी लागली. दुपारी घरी येऊन घटकाभर पडावे आणि संध्याकाळी पुन्हा काठावर जावे, हा आमचा बेत पहिल्याच दिवशी बुडाला. ही चूक मला लहान वाटत नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल, तर स्थानकाच्या बाजूचे किंवा बोटीच्या धक्क्याजवळचे सपाटीवरील घरच शोधायला हवे होते.

बोटींच्या बाबतीत मात्र आराखडा उत्तम होता. या सरोवरावर साध्या बोटी, जास्त भाड्याच्या जलद बोटी आणि मोटारी वाहून नेणाऱ्या फेऱ्या असे तीन प्रकार चालतात. "आजींना शक्यतो मोटारींच्या फेरीतून न्या" असे आराखड्यात लिहिले होते आणि ते अगदी खरे निघाले, कारण तिचा रुंद उतार थेट धक्क्यावर टेकतो आणि माणूस रस्त्यावरून चालावे तसा आत जातो. साध्या बोटीत अरुंद फळीवरून चढावे लागते. मधल्या भागापुरता एक दिवसाचा पासही निघतो, तो घेतला की तिकिटाच्या रांगेत पुन्हा पुन्हा उभे राहावे लागत नाही. बेल्लाजोला सकाळच्या पहिल्या बोटीने जावे आणि दुपारी तीनच्या आत निघावे, ही सूचना आम्ही एकदा मोडली, तेव्हा परतीच्या रांगेत दोन बोटी सोडून द्याव्या लागल्या. सकाळी उत्तरेकडून तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा असे दोन वारे येथे चांगल्या हवेत ठरल्या वेळी वाहतात. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाळीवर संध्याकाळी सुटणाऱ्या वाऱ्याची सवय असलेल्या आम्हाला 400 मीटरहून अधिक खोल पाण्यावरून येणारा हा वारा मे महिन्यातही शाल पांघरायला लावत होता.

दुसरी चूक बुधवारची. त्या दिवशी लेन्नो येथील बाल्बियानेल्लो हा व्हिला पाहायचा, असे आराखड्यात होते. आम्ही लेन्नोला उतरलो, सासूबाईंना काठावरच्या बाकावर यजमानांजवळ बसवले आणि मी व मुलगी फाटकापर्यंत गेलो. लोखंडी फाटक बंद होते आणि शेजारच्या पाटीवर सोमवार व बुधवार बंद असल्याचे स्पष्ट लिहिले होते. जी गोष्ट संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसते, ती शुल्क घेणाऱ्या माणसाने पाहिली नाही, याचा मला मनापासून राग आला. दुपार वाया जाऊ नये म्हणून आम्ही पुढची बोट धरून व्हिला कार्लोत्ताच्या धक्क्यावर उतरलो. तेथील अझेलियांचा बहर ओसरत आला होता, तरी ऱ्होडोडेंड्रॉन भरात होते आणि आतील दालनांत कानोव्हाची शिल्पे निवांतपणे पाहता आली.

बाल्बियानेल्लो शुक्रवारी पाहिला आणि तो पाहिल्याशिवाय परतलो असतो तर हळहळ राहिली असती. गुइदो मोंझिनो या गिर्यारोहकाचे हे घर. 1973 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि 1988 मध्ये हा सगळा वाडा त्यांनी वारसा जपणाऱ्या संस्थेला मृत्युपत्राने दिला. वरच्या मजल्यावर त्यांच्या मोहिमांचे साहित्य मांडून ठेवले आहे. प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करून जावी.

गुरुवारी दिवसभर पाऊस पडला. मे महिन्यात तेथे पाऊस नवा नाही, पण आराखड्यात पावसाच्या दिवसासाठी एकही ओळ नव्हती. आम्ही आमच्या बुद्धीने कोमो शहरात गेलो. बॅटरीचा शोध लावणारे आलेस्सांद्रो व्होल्टा येथे 1745 मध्ये जन्मले आणि त्यांच्या उपकरणांचे स्मारक-संग्रहालय पाण्याच्या काठीच आहे, त्यामुळे मुलीला तेथून हलवणे अवघड झाले. सहलीतील माझा सर्वांत आवडता तास मात्र रेशीम संग्रहालयात गेला. कोमो हे रेशमाचे जुने केंद्र. तेथील किडे तुतीवर पोसले जात, आज कच्चे रेशीम बाहेरून येते आणि छपाई, रंगाई व शेवटची प्रक्रिया तेथे होते. सासूबाई मूळच्या भंडारा जिल्ह्यातील, कोष्ट्यांच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या. काचेआडचा पांढरा, बोटाच्या पेराएवढा कोष त्यांनी वाकून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढुसा! आपला कोसा पहा, कसा कोंबडीच्या अंड्याएवढा दिसते." मग ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा आपला टसरचा किडा, कोष शिजवताना घरभर पसरणारा वास, मांडीवर सूत वळणाऱ्या बायका असे सगळे त्या सांगत राहिल्या. तेथील कर्मचारी मुलगी थांबून ऐकू लागली. आमची मुलगी वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती. जुन्या रंगाईच्या भांड्यांपाशी तर त्या अर्धा तास उभ्या होत्या आणि गुडघ्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत.

शाकाहाराच्या बाबतीत आराखड्यात "शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते" एवढेच होते आणि ते पुरेसे नाही. मांस नसलेले पदार्थ सर्वत्र मिळतात हे खरे, परंतु पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरून बनते आणि ते पास्त्यावर, रिसोत्तोत, पेस्तोत सर्रास असते. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी चीज बंदच केले. मग मारिनारा पिझ्झा त्यांच्या कामी आला. नावावरून माशांची शंका येते, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते. बिलात माणशी बसण्याचा आकार लावतात, तो पदार्थाच्या किमतीत धरलेला नसतो.

तिरानोहून स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरित्झला जाणाऱ्या लाल रेल्वेचा दिवस त्यांनी अचूक बसवला होता. खास पर्यटक गाडीचे आरक्षण न करता त्याच रुळांवरील साध्या गाडीने जा, तिच्या खिडक्या उघडता येतात, असे त्यांनी सुचवले. 2,253 मीटर उंचीवरील बेर्निना खिंडीत मे महिन्यातही बर्फ होते आणि मुलीने खिडकीतून हात बाहेर काढून हवा किती गार आहे ते पाहिले. याउलट वारेन्नातीलच व्हिला मोनास्तेरो आराखड्यात नव्हता, आणि भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी बरोबर आहे हे माहीत असताना तो सुटायला नको होता. एन्रिको फेर्मी यांनी 1954 च्या उन्हाळ्यात, मृत्यूच्या काही महिने आधी, तेथे व्याख्याने दिली होती आणि त्यांच्या नावाची भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा आजही तेथे भरते. पाण्यालगत लांबवर पसरलेल्या त्या बागेत आम्ही शेवटची सकाळ घालवली.

पाचपैकी साडेतीन तारे मी या सेवेला देते. मुक्कामाचे गाव, प्रवासाचे साधन आणि व्हिसा यांसाठी पूर्ण गुण. घराची निवड आणि बंद दिवसाची चूक यांमुळे दीड तारा कमी. परतल्यावर मी सगळे मुद्दे लिहून त्यांच्या हाती दिले. त्यांनी 4,000 रुपये परत केले आणि व्हिलांच्या सुट्ट्यांचे दिवस माझ्यासमोरच आपल्या तक्त्यात भरून घेतले. डिसेंबरमध्ये अमरावतीचे माझे भाऊ आणि वहिनी त्यांच्याकडे गेले, तेव्हा तेथील पहिल्या अर्जात एक नवी रांग होती: बरोबरच्या वयस्कर व्यक्तीला एका दमात किती पायऱ्या चढता येतात? वहिनींनी आईंना फोन लावून विचारले आणि तेथे पंधरा असे लिहिले.