नळीत अडकलेली चोक ट्यूब आणि दांड्याचा पाना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर मी गेली काही वर्षे ट्रॅपची नेमबाजी (हवेत उडवलेल्या चकत्या टिपण्याचा खेळ) करतो. माझी बंदूक बारा बोअरची रेमिंग्टन 870 आहे. तिच्या नळीच्या तोंडात आट्यांवर फिरवून बसवायची चोक ट्यूब असते आणि छर्‍यांचा मारा किती आवळून जावा हे ती ठरवते. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण 0.729 इंच असतो. ‘फुल’ चोकमध्ये तो सुमारे 0.035 इंचाने कमी होतो. माझी फुल चोक मी जवळजवळ दोन वर्षे एकदाही बाहेर काढली नव्हती. या काळात दोनदा भर पावसात नेमबाजी झाली, नंतर बंदूक दमट हवेत कपाटात पडून राहिली (कोकणातल्या पावसाळ्यात लोखंड जसे ओल धरते, तसेच ते इथेही धरते), आणि मार्चमध्ये चोक बदलायला गेलो तेव्हा ट्यूब तसूभरही हलेना. घरातल्या चपट्या पत्र्याच्या पान्याने जोर लावला, तर पाना तिरका होऊन निसटला आणि ट्यूबच्या तोंडावर पाना अडकवण्यासाठी असलेल्या खाचांपैकी एकीची कड मोडली. तिथेच मी थांबलो, आणि थांबलो म्हणूनच नळी वाचली असे मी आजही मानतो.

त्यानंतर मी टी-आकाराच्या मुठीचा पाना घेतला. त्याच्या डोक्यापुढे एक गुळगुळीत दांडा असतो, तो ट्यूबमधून नळीत जातो आणि पाना सरळ रेषेत धरून ठेवतो. हा दांडाच त्या पान्याचा खरा गुण आहे, कारण खाचा मोडतात त्या जोर जास्त झाल्यामुळे नव्हे, तर जोर तिरका लागल्यामुळे. ट्यूबमध्ये आतून फुगून पकड घेणारी अवजारेही बाजारात मिळतात. मी ती मुद्दाम टाळली, कारण ट्यूबची भिंत पातळ असते आणि ती बाहेरच्या बाजूला दाबली गेली तर अडकलेले आटे अधिकच घट्ट बसतील.

मात्र पान्याआधी तपासणी हवी. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, मॅगझिनची (काडतुसे साठवणाऱ्या भागाची) टोपी सोडून मी नळी वेगळी केली. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत, त्यामुळे ते अतिआवळ चोकमधून वारंवार मारले तर ट्यूब फुगू शकते, आणि फुगलेल्या ट्यूबवर तेलाचा काही उपयोग होत नाही. नळीच्या तोंडाशी पोलादी पट्टी उभी लावून उजेडाकडे धरली. कुठेही फट किंवा उंचवटा दिसला नाही. म्हणजे अडचण गंजाची आणि काजळीची होती.

यानंतरचे तीन दिवस मी क्रॉइल या भेदक तेलाला दिले. पहिले दोन दिवस नळीचे तोंड वर ठेवून ट्यूबच्या कडेशी थेंब थेंब तेल सोडले. तिसर्‍या दिवशी नळी उलटी करून मागच्या बाजूने तेल सोडले, म्हणजे ते ट्यूबच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचेल. बारुदाचा वायू तिथूनच आट्यांत शिरतो आणि काजळी साठवतो. मग नळीचा तोंडाकडचा भाग बाहेरून उकळत्या पाण्याने तापवला. नळी ट्यूबच्या आधी तापते, क्षणभर किंचित सैल होते आणि तेल आत ओढले जाते. आगीची ज्योत मात्र वापरू नये. जोडनळी बंदुकीच्या दोन नळ्या जोडणाऱ्या पट्ट्या अनेकदा कथिल-शिशाच्या डाखाने बसवलेल्या असतात आणि तो 183 अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो.

नळी वाइसमध्ये (शिकंज्यात) धरताना मी चामडे लावलेले खाचेचे लाकडी ठोकळे वापरले आणि पकड ट्यूबच्या बरीच मागे घेतली. तोंडाशी आवळली असती तर नळी ट्यूबवरच दाबली गेली असती. आधी ट्यूब आवळण्याच्या दिशेने केसभर दाब दिला, मग उलट्या दिशेला. पाचव्या प्रयत्नाला ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. ट्यूब बाहेर आली तेव्हा आट्यांत तपकिरी लगदा होता आणि मागच्या कडेला, काडतुसातल्या प्लास्टिकच्या वॉडचे (बारूद आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाचे) वितळून बसलेले, नखाने सोलता येईल असे काळे कडे होते.

नळीतले आटे नायलॉनच्या ब्रशने आणि विद्रावकाने फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत साफ केले. खाच मोडलेली ट्यूब बाजूला ठेवून नवी बसवली. तेव्हापासून आट्यांवर निकेलयुक्त जाम-प्रतिबंधक वंगणाचा अगदी पातळ थर देतो. जास्त लावले की ते तोंडाशी बाहेर येते, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी तेच आट्यांत जाते. हा अनुभव मी एकदा घेतला. आता पंचवीस चकत्यांची प्रत्येक फेरी संपल्यावर, बंदूक रिकामी करून, ट्यूब सैल झाली नाही ना हे पाहतो, कारण सैल ट्यूबमागे शिरलेला मारा ट्यूब आणि नळी दोन्ही बिघडवू शकतो. महिन्यातून एकदा ती पूर्ण काढून पुसतो. आठ महिन्यांत ती एकदाही अडकली नाही. ऑक्टोबरमध्ये संपूर्ण सकाळ पावसात गेली, तरी संध्याकाळी पान्याला हलकाच झटका दिला आणि पुढचे वेढे बोटांनी सुटले.

पान्यात उणेही आहे. लांब मुठीमुळे ट्यूब बसवताना गरजेपेक्षा जास्त आवळली जाते, म्हणून मी शेवटचे वेढे मूठ न धरता, डोके बोटांत पकडून फिरवतो. डोक्यावरच्या एका दाताची कड किंचित झिजली आहे, आणि विसाच्या बोअरसाठी वेगळा पाना घ्यावा लागतो.