जुना बेल्ट हातात दिला, म्हणजे नवा बसवला असं नव्हे

नाशिकमध्ये अजूनही बऱ्याच घरांत जुनी ओम्नी आहे. ती बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिसिंगला देणाऱ्यांनी हे नक्की वाचा. "जुने पार्ट परत मागून घ्या" हा सल्ला सगळेच देतात. मी मागून घेतले होते, तरी फसवणूक झाली.

ओम्नीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. टोयोटा एमआर२ किंवा फियाट एक्स१/९ सारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांनाही हाच त्रास. इंजिन गाडीच्या मध्यात आलं की हात घालायला जागाच उरत नाही. सीट उचलून झाकण काढलं तरी वरचं थोडंफारच दिसतं, बाकीचं काम चाचपडत नाहीतर गाडीखाली झोपून. त्यामुळे मजुरी जास्त लागते हे खरं आहे, आणि ती द्यायला माझी ना नव्हती. पण गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, नेमकं तिथेच हात मारला जातो.

गाडी वडिलांची. पंधरा वर्षं उलटल्यावर पासिंग करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेली. आई-बाबांना घेऊन वणीला गडावर जायचं होतं, म्हणून टायमिंग बेल्ट, प्लग, ऑइल आणि फिल्टर बदलायला द्वारका भागातल्या एका गॅरेजला दिली. संध्याकाळी मालकाने पिशवी हातात ठेवली. "साहेब, बेल्ट बघा, काय हालत झाली होती. अजून थोडी चालवली असती तर रस्त्यातच बसला असता." बेल्टला भेगा होत्या, दोन-तीन दात झिजलेले. मी पैसे फोनवरून पाठवले आणि पिशवी डिकीत टाकली.

गडावर जाऊन आलो. नंतर गाडी चढाला मिसिंग करायला लागली, म्हणून पंचवटीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. दोन नवे कोरे. तिसरा, जिथे हात सहज पोहोचत नाही तो, काळाकुट्ट, टोक झिजलेलं. "हा तर कुणी काढलेलाच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी बेल्टचं कव्हर दाखवलं. बोल्टवर तेल आणि धुळीचा थर जसाच्या तसा, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. कव्हर उघडलं, आत जुनाच बेल्ट. डिकीतला बेल्ट काढून त्याच्याशेजारी धरला तर रुंदी वेगळी, दातही जुळेनात. तो दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा होता.

माझा संताप पैशांपुरता नाही. टायमिंग बेल्ट क्रँक आणि कॅमशाफ्टला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, एका मेळात फिरवतो. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. असल्या बेल्टवर मी म्हाताऱ्या आई-बापांना घाटातून नेऊन आणलं, आणि बेल्ट बदललेला नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

परत गेलो तेव्हा आधी "पोराने केलं असेल" झालं, मग आवाज चढवून झाला. दोन्ही बेल्ट टेबलावर ठेवले तेव्हा कुठे बेल्टचे पैसे मिळाले. मजुरीचे पैसे परत मिळायचे अजून बाकी आहेत.

आता मी गाडी देण्याआधीच खूण करतो. ऑइल फिल्टरवर आणि हात पोहोचतो त्या प्लगच्या पांढऱ्या भागावर नेलपॉलिशचा ठिपका, टायमिंग कव्हरच्या एका बोल्टवर आडवी रेघ, बोल्टपासून कव्हरपर्यंत. बोल्ट फिरला तर रेघ तुटणारच. या सगळ्याचे फोटोही काढून ठेवतो. परत आलेल्या पार्टवर माझा ठिपका नसेल, तर तो पार्ट माझ्या गाडीचा नाही. बेल्टचं काम असेल तर कव्हर उघडं असताना बोलवा, असं आधीच सांगतो. प्रामाणिक मिस्त्री याला हरकत घेत नाही. पंचवटीतल्या मिस्त्रींनी तर स्वतः टॉर्च धरून दाखवलं.

बिल पक्कंच घ्या आणि त्यात प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घ्या. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती, पण फोनवरून पैसे दिल्याची नोंद कामी आली. असं कुणाचं झालं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझ्या मजुरीची तक्रार मी तिथेच करतोय, दोन्ही बेल्ट आणि तो काळा प्लग पुरावा म्हणून जपून ठेवलेत.