टोकियोतलं बँक खातं: अकरा महिन्यांनंतर

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी नोकरीसाठी टोकियोत आलो, राहायला निशी-कसाईला. खातं काढून आता अकरा महिने होत आले. बँकांची नावं मुद्दाम लिहीत नाही. शाखा किंवा काउंटरवरचा माणूस बदलला की अनुभवही बदलतो, कटकटी मात्र बहुतेक त्याच असतात.

झाइर्यू कार्ड, म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, विमानतळावरच हातात पडतं. घर मिळाल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, की तो कार्डाच्या मागे छापून देतात. एवढं उरकून मी रुबाबात स्टेशनजवळच्या एका मोठ्या बँकेत गेलो आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. "जपानला येऊन सहा महिने झालेत का?" नाही. मग खातंही नाही.

ऑफिसातला नाशिकचा सहकारी हसला. "अरे, नुसतं कार्ड घेऊन जातात होय? कंपनीचं पत्र ने." त्याचं बरोबर होतं. इथल्या परकीय चलन कायद्यानुसार सहा महिन्यांच्या आतला परदेशी माणूस अनिवासी धरतात, पण इथल्या ऑफिसात नोकरी असेल तर तो पहिल्या दिवसापासून निवासी. तरी कोणाला खातं द्यायचं हे शेवटी बँकच ठरवते. दुसऱ्या बँकेत पत्र दाखवलं आणि काम पुढे सरकलं. फॉर्मवर "मी कुठल्याही गुंड टोळीचा सदस्य नाही" असंही लिहून द्यावं लागतं. ते दिलं.

खरी गंमत नावाच्या रकान्यात सुरू झाली.

माझं नाव हृषीकेश. पासपोर्टवर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं, म्हणजे आडनाव साळुंखे आणि नाव 'हृषीकेश विठ्ठल'. जपानी बँकेत ते काताकाना लिपीत लागतं. त्या लिपीत ल नाही, ळ तर नाहीच, आणि 'न्' सोडला तर व्यंजनाला स्वराशिवाय उभं राहता येत नाही. काउंटरवरच्या बाईंनी मला तीनदा नाव म्हणायला लावलं, कागदावर हळूहळू लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सारुन्के फुरिशिकेशु बित्तारु." मी मान डोलावली. तेव्हा कळलं नाही की ही मान मला वर्षभर पुरणार आहे.

झालं असं, की तोवर ऑफिसच्या पगार विभागाने त्यांच्या कागदांत मला 'रिशिकेशु' करून टाकलं होतं, आणि बित्तारु गाळला होता. इथे पैसे पाठवताना खाते क्रमांकाइतकंच काताकाना नावही जुळावं लागतं. पहिला पगार परत गेला. पैसे कुठेच हरवले नव्हते, फक्त 'रिशिकेशु' नावाचा माणूस त्या खात्यावर नव्हता. पगार आठ दिवसांनी मिळाला, तोवर नाशिककराच्या उधारीवर जेवलो. म्हणून नव्याने येणाऱ्यांना एकच सांगेन: बँकेत ठरलेलं काताकाना नाव फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि ऑफिस, मोबाइल कंपनी, गॅस, घरमालक, सगळ्यांना तेच अक्षरन् अक्षर द्या. उच्चार बरोबर आहे की नाही यावर वाद घालू नका. 'फुरिशिकेशु' ऐकून आजीला काय वाटेल याचा विचार तर अजिबात करू नका.

आणखी एक बारीकशी गोष्ट. एटीएम कार्ड रजिस्टर पोस्टाने येतं आणि ते दुसऱ्या पत्त्यावर पाठवत नाहीत. इमारतीच्या खालच्या टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेऊ शकतो. मी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर रोमन आणि काताकाना अशी दोन्ही नावं लिहून चिकटवली. ती पट्टी अजून तिथेच आहे.

शिक्क्याची, म्हणजे हांकोची, धास्ती मी उगाच घेतली होती. माझ्या बँकेने सही चालवून घेतली. पण गॅसचं बिल खात्यातून आपोआप कापून जावं म्हणून जो कागदी फॉर्म भरतात, त्यावरची माझी सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही आणि फॉर्म परत आला. दोन महिने गॅसचं बिल कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, रोख भरलं.

रोजच्या वापराबद्दल तक्रार नाही. अ‍ॅप जपानीत आहे, पण चार बटणं पाठ झाली की पुरतं. आपल्या बँकेच्या एटीएममधून दिवसा पैसे काढायला काही लागत नाही, कोनबिनीतल्या मशिनवर मात्र वेळ बघून शुल्क कापतात. काउंटर दुपारी ३ ला बंद, म्हणजे नोकरदाराला बँकेसाठी रजाच.

घरी पैसे पाठवायला 'माय नंबर' लागतो. तोही आपल्या आधारसारखा १२ आकडी. बँकेतून पाठवलं तर शुल्क जास्त आणि प्रश्नही जास्त. मी परवाना असलेली पैसे पाठवणारी सेवा वापरतो. बहुतेकांची मर्यादा एका वेळी दहा लाख येन असते, आपल्याला कुठे त्याच्या जवळपास जायचंय! भारतातलं जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायला विसरू नका. मी पाच महिने विसरलो होतो.

जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या. दहा हजारांच्या नोटेवर शिबुसावा एइइची आहेत, ज्यांनी १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी केली. जमशेटजी टाटांशी त्यांची चर्चा झाली आणि १८९३ मध्ये निप्पोन यूसेन कंपनीची मुंबईची जहाजसेवा सुरू झाली. कापूस मुंबईहून इकडे यायचा. नोट हातात घेतली की आपल्या गावचा कोणी भेटल्यासारखं वाटतं, खर्च मात्र तितक्याच वेगाने होते.

पुढची कटकट ठाऊक आहे. व्हिसा वाढवला की नवं झाइर्यू कार्ड बँकेला दाखवायचं, नाहीतर खात्यावर निर्बंध येऊ शकतात. आणि देश सोडताना खातं बंद करूनच जायचं. 'मित्राला वापरायला दिलं' हा इथे सरळ गुन्हा आहे.

बँकेतल्या काउंटरवरच्या त्या बाई अजूनही मला आडनावाने हाक मारत नाहीत. नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून "बित्तारु-सामा" म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. बाबांनी सांगली सोडून फारसा प्रवास केलेला नाही. त्यांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं, की टोकियोच्या बँकेत तुमचं नाव पुकारतात, सामा म्हणजे साहेब.

"बरं," ते म्हणाले, "व्याज किती देतात?"

तेव्हा बचत खात्यावर ०.००१ टक्का होतं. लाख येनवर वर्षाला एक येन, त्यातूनही कर. मी सांगितलं.

"थंडी फार आहे का रे तिकडे?" बाबांनी विचारलं.