एफ४५० क्वाडचा फ्लाइट टाइम वाढवायचाय: मोठी लायपो, लि-आयन पॅक की मोठे प्रॉप?

घरी बनवलेला क्वाड, म्हणजे चार मोटर्सचा ड्रोन म्हटलं की बहुतेकांचा सेटअप साधारण सारखाच असतो, एफ४५० फ्रेम नाहीतर तिची कॉपी, २२१२ साइझच्या ९२० केव्हीच्या (केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे आरपीएम) मोटर्स, १० इंची प्रॉप (पंखे), ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किट) आणि ३एस (सिरीजमध्ये तीन सेल) २२०० एमएएचची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. कॅमेरा न लावता वजन १.२ किलोच्या आसपास भरतं, होव्हरला (हवेत एका जागी थांबायला) साधारण १७० वॅट लागतात आणि ७ मिनिटांत खाली उतरवावा लागतो. प्रोजेक्टसाठी शेताचा मॅप काढायचा असेल तर ७ मिनिटांत निम्मं शेतसुद्धा होत नाही. खालचे आकडे याच सेटअपवर हिशोब करून काढलेत, तुमचं वजन वेगळं असेल तर थोडे इकडेतिकडे होतील.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मोठी लायपो, ३एस ५००० आणायची, एक्सटी६० कनेक्टर लावायचा, बस. पण बॅटरी सव्वादोन पट झाली तरी वेळ ७ वरून १२ मिनिटांवरच जातो, कारण जुनी १८० ग्रॅमची आणि ही ३९० च्या आसपास, म्हणजे ड्रोन झाला १.४ किलोचा, आणि होव्हरची पॉवर वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, वजन १७ टक्के वाढलं की पॉवर २५ टक्क्यांच्या वर वाढते. म्हणजे नवीन बॅटरीतला बराच भाग स्वतःलाच उचलण्यात जातो. मग काहीजण अशीच अजून एक पॅरलल लावतात. कागदावर १७ मिनिटं दिसतात पण वजन १.८ किलो होतं, आणि या मोटर्स १० इंची प्रॉपवर फुल थ्रॉटलला प्रत्येकी ८०० ग्रॅमच्या आसपास थ्रस्ट (वर उचलायची ताकद) देतात, चार मिळून ३.२ किलो. निम्म्या थ्रस्टमध्ये होव्हर झालाच पाहिजे, म्हणून हा सेटअप १.६ किलोच्या वर नेऊच नका, वारा आला की सावरायला काही शिल्लकच राहत नाही. जोरात उडवायचं असेल, फ्लिप मारायचे असतील तर मात्र लायपोच घ्या, एकदम खेचलेला करंट ती आरामात देते.

मॅपिंग किंवा निवांत उडवण्यासाठी मला विचाराल तर लि-आयनच, म्हणजे लिथियम-आयन सेलचा पॅक. २१७०० साइझचा चांगला सेल, उदाहरणार्थ मोलिसेल पी४२ए, ४२०० एमएएचचा असतो, वजन ७० ग्रॅम आणि ४५ अँपिअर देऊ शकतो. किलोमागे २०० वॅट-अवरच्या वर ऊर्जा, लायपोत ती १४०-१५० च्या आसपास. सहा सेलचा ३एस२पी (दोन-दोन सेल पॅरलल, अशा तीन जोड्या सिरीजमध्ये) पॅक केला तर ८४०० एमएएच मिळतात, पट्ट्या आणि वायर धरून वजन ४५० ग्रॅम, म्हणजे ५००० च्या लायपोपेक्षा फक्त ६० ग्रॅम जास्त आणि वेळ जवळपास २० मिनिटं! एका सेलवर १०-११ अँपिअरच येतात त्यामुळे सेल फार तापत नाहीत.

पण लि-आयनचं व्होल्टेज लोडखाली जास्त पडतं आणि शेवटी बरंच खाली जातं, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत ड्रोन जरा सुस्त वाटतो. फेलसेफ, म्हणजे बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप परत आणणारं सेटिंग, बदलणं तर मस्ट आहे. लायपोचं सेलमागे ३.५ व्होल्टचं सेटिंग तसंच ठेवलं तर निम्मी बॅटरी बाकी असतानाच ड्रोन घरी परत येईल, ते ३.०-३.१ वर आणा. सेलला डायरेक्ट सोल्डर करू नका, उष्णतेने आतून खराब होतो, ई-बाईकचे पॅक बनवणाऱ्यांकडून स्पॉट वेल्डिंग करून घ्या आणि बॅलन्स लीड (चार्जरला प्रत्येक सेल वेगळा सांभाळता यावा म्हणूनच्या वायर) जोडून द्यायला सांगा. आणि १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हातसुद्धा लावू नका, त्या साइझचे नावाजलेले चांगले सेल ३५०० च्या आसपासच असतात. जुन्या लॅपटॉपचे सेलही नकोत, एवढा करंट देण्यासाठी ते बनवलेलेच नसतात.

तिसरा रस्ता मोठ्या प्रॉपचा. जास्त हवा हळू ढकलली तर तेवढाच थ्रस्ट कमी पॉवरमध्ये मिळतो, म्हणून हेलिकॉप्टरचा रोटर एवढा मोठा असतो. पण एफ४५० वर शेजारच्या दोन मोटर्समध्ये अंतर ३१८ मिमी आणि १२ इंची प्रॉप ३०५ मिमीचा, मध्ये उरले १३ मिमी, प्लॅस्टिकचे आर्म थोडे जरी वाकले तरी प्रॉप एकमेकांना लागतील. ११ इंची बसतो, गणितात १० टक्क्यांच्या आसपास पॉवर वाचते, पण ९२० केव्हीच्या मोटरवर लोड वाढतो, दोन-तीन मिनिटं उडवून मोटर हाताला चटका देतेय का बघा. खरा फायदा हवा असेल तर ५०० ची फ्रेम, ३५०८ साइझच्या ५८० ते ७०० केव्हीच्या मोटर्स, १२ इंची प्रॉप आणि ४एस२पी लि-आयन, त्यात २५ मिनिटांच्या आसपास जाता येतं. मात्र हा जवळपास नवीन ड्रोनच झाला, ट्यूनिंगही परत करावं लागतं. रोज मॅपिंग करणार असाल तरच एवढा खर्च करा, नाहीतर एफ४५० आणि लि-आयन पुष्कळ झालं.

कुठलाही रस्ता धरला तरी आधी वजन कमी करा, त्याला पैसे लागत नाहीत. लांबलचक वायर, उंच लँडिंग गिअर, बिनकामाचे डबे काढून १.२ किलोतले १२० ग्रॅम गेले तरी वेळ १७ टक्क्यांनी वाढतो. एका जागी होव्हर करण्यापेक्षा सेकंदाला ५ ते ८ मीटरने पुढे नेला तर पॉवरही कमी लागते. महाबळेश्वरच्या उंचीवर मात्र हवा विरळ म्हणून होव्हरला ६-७ टक्के पॉवर जास्त धरा.

पार्ट ऑर्डर करायच्या आधी बॅटरी आणि कॅमेऱ्यासकट पूर्ण वजन मांडून बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो, त्याच्यावर स्मॉल. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, ही सूट स्मॉलला नाही. ४एस२पी वाला सेटअप १.८ किलोवर जातो, म्हणजे कॅमेऱ्यासाठी हातात उरतात फक्त २०० ग्रॅम.